कंपनीला नाव सुचवा, नावं ठेवू नका

निफाडचा गडी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा मावसभाऊ द्राक्षबागायतदारांसाठी एक ॲप करतोय. निर्यातीचा माल म्हटला की कोणतं औषध कधी मारलं, एकरी किती मारलं, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडला, सगळ्याची नोंद लागते. ही नोंद आजही वहीत असते, वही ट्रॅक्टरच्या सीटखाली असते, आणि पॅकहाऊसचा माणूस येणार म्हटलं की आदल्या रात्री आठवून आठवून भरली जाते. आमच्या ॲपला फवारणी चालू असतानाच बोलून सांगायचं, ते लिहून घेतं. गेला हंगाम ओळखीच्या बागांवर चालवून पाहिलं, लोकांना पटलंय. आता प्रायव्हेट लिमिटेड करायची आहे आणि गाडं नावावर अडलंय.

मावसभाऊ 'द्राक्षमित्र ॲग्रोटेक सोल्युशन्स' धरून बसलाय. म्हणतो, शेतकऱ्याला ऐकताक्षणी कळलं पाहिजे. मला छोटं, जिभेवर बसणारं नाव हवंय, अर्थ नसला तरी चालेल. मेव्हणा म्हणतो नावात 'एआय' नसेल तर गुंतवणूकदार दारात उभं करणार नाहीत. वडील म्हणतात आजीचं नाव द्या आणि मोकळे व्हा.

तर प्रश्न असा: अर्थ सांगणारं नाव घ्यावं की बनवलेलं? कंपन्या काढलेल्या, बुडवलेल्या, दोन्ही प्रकारच्या लोकांनी लिहा.

कट्टेकरी:
आजीचं नाव काय आहे त्यावर अवलंबून आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ठाणे स्लो:
मावसभावाला अनुमोदन. बिनअर्थी नावात अर्थ भरायला पैसा लागतो. ईस्टमनने १८८८ मध्ये 'कोडॅक' हा शब्द हवेतून काढला, पण नंतर जाहिरातीवर किती ओतलं? तुमच्याकडे तेवढं आहे का? नसेल तर जे काम करता ते पाटीवर लिहा. लोक पाटी वाचून आत येतात.

कलम नऊ:
निफाडचा गडी, मी ट्रेडमार्कचं काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो. ह. घ्या म्हणणार नाही, जड घ्या.

नाव तीन ठिकाणी तपासावं लागतं, आणि लोक पहिल्या ठिकाणी 'हो' ऐकलं की पेढे वाटायला लागतात. कंपनी निबंधकाकडे स्पाइस प्लस फॉर्मच्या भाग अ मध्ये दोन नावं देता येतात, फी १००० रुपये, मंजूर झालं की २० दिवस राखून ठेवतात. पण त्या मंजुरीचा अर्थ कंपनीचं नाव म्हणून ते चालेल, एवढाच. त्यांचे नियमही कडक आहेत. नुसतं अनेकवचन केलं, स्पेलिंग थोडं फिरवलं, मागे डॉट कॉम लावलं की वेगळं नाव झालं असं ते मानत नाहीत. तरीही तिथे मिळालेलं नाव म्हणजे ट्रेडमार्क नव्हे. ते वेगळं खातं, वेगळा अर्ज. तुमच्यासाठी वर्ग ९ (डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर) आणि वर्ग ४२ (सॉफ्टवेअर सेवा) दोन्ही बघा. ऑनलाइन अर्जाला स्टार्टअप किंवा एकट्या व्यक्तीला वर्गामागे ४५०० रुपये, बाकीच्यांना ९०००. डोमेन तिसरं, तिथे पहिला येईल त्याला.

आता 'द्राक्षमित्र'. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ९. मालाचा किंवा सेवेचा प्रकार, गुण, उपयोग सांगणाऱ्या शब्दाला आक्षेप येतो. कारण उघड आहे, 'द्राक्ष' तुम्हाला देऊन टाकलं तर बाकीच्यांनी काय म्हणायचं? वर्षानुवर्षं वापरून ते नाव तुमचंच झालंय हे सिद्ध केलं तर मिळतं, पण त्याला बिलं, जाहिराती, विक्रीचे आकडे असे गठ्ठेच्या गठ्ठे जोडावे लागतात. मागे 'ॲग्रोटेक' आणि 'सोल्युशन्स' लावल्याने फरक पडत नाही, तेही वर्णनच.

फोनपेने भारतपेविरुद्ध दावा केला होता, 'पे' हे शेपूट आमचं म्हणून. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. 'पे' म्हणजे पैसे देण्याचं पे, त्यावर एकाची मक्तेदारी कशी? याच्या उलट सिफी, एका इंटरनेट कंपनीचं नाव. सत्यम इन्फोवेमधली अक्षरं घेऊन बनवलेला शब्द. दुसऱ्या एका कंपनीने 'सिफीनेट' असं, फक्त एक एफ जास्त घालून डोमेन घेतलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवे जिंकली. डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे तिथेच ठरलं.

ठाणे स्लो:
साहेब, दंडवत. पण फोनपेही जगलं आणि भारतपेही जगलं की. तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा निघतोय.

कलम नऊ:
दोघांकडे वकिलांना द्यायला पैसे होते. भांडण २०२४ मध्ये आपसात मिटलं. तोवरची फी निफाडच्या गड्याने द्राक्षं विकून भरायची का?

खानदेशी तडका:
अर्थ सांगणाऱ्या नावाचं पुढे काय होतं त्याचं उदाहरण आमच्या गावातच आहे. अमळनेरला १९४५ साली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' निघाली. वनस्पती तूप, साबण. नाव एकदम मावसभाऊछाप, काय करतो ते पाटीवर. पुढे तूप मागे पडलं, संगणक आले, आणि उरली ती नावातली फक्त काही अक्षरं: विप्रो. व्हेजिटेबल नावात ठेवून अमेरिकेत सॉफ्टवेअर विकून दाखवा बरं कुणी.

अवांतर: ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन पेटीत टाकले त्यांच्या घरी आजही नावाच्या अर्थाची चर्चा होत नाही, बोनसची होते.

शाईपेन:
खानदेशी तडका +१. शेपूट गळणं हा कंपन्यांचा स्थायीभाव आहे. ॲपल कम्प्युटरने २००७ मध्ये आयफोन दाखवला त्याच दिवशी 'कम्प्युटर' काढून टाकलं. इन्फोसिसची (जन्म पुणे, १९८१, हे बंगळुरूकरांना अधूनमधून सांगावं लागतं) सुरुवात 'इन्फोसिस कन्सल्टंट्स', मग 'इन्फोसिस टेक्नॉलॉजीज', आणि २०११ पासून नुसती 'इन्फोसिस'. मग आधीपासूनच का लावा?

पुण्यात आडनावावरूनही चाललंय. केपीआयटीमधले के आणि पी म्हणजे कीर्तने आणि पंडित, सीए फर्मवरून आलेले. आज किती कर्मचाऱ्यांना ते माहीत असेल कोण जाणे. क्विक हीलची गंमत वेगळी. कंपनीचं नाव होतं कॅट कम्प्युटर सर्व्हिसेस, क्विक हील हे त्यांच्या अँटीव्हायरसचं. ओळख झाली ती उत्पादनाची, मग २००७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं. निफाडचा गडी, तुमचं तरी असं दोन-दोन नावांचं दुकान नको. ॲप आणि कंपनी, नाव एकच ठेवा.

कट्टेकरी:
पुण्याचा विषय निघाला. आता धाग्याचं काश्मीर व्हायला वेळ लागणार नाही.

शाईपेन:
आम्ही कुठे काय म्हटलं? फक्त वस्तुस्थिती सांगितली.

तासगावचा बेदाणा:
मी स्वतः बागायतदार आहे. शेतकऱ्याला ऐकताक्षणी कळलं पाहिजे, हे दर वेळी शहरातलेच लोक सांगतात. कृषी सेवा केंद्रात उभं राहून बघा एकदा. "ते निळ्या झाकणाचं द्या", "मागल्या वेळी दाढीवाल्याने दिलं होतं ते द्या". औषधांची नावं ऐका: ना शेंडा ना बुडखा, तरी आमच्या गड्यांना तोंडपाठ. नाव कळायला लागत नाही, परत सांगता यायला लागतं. शेजारच्या बांधावरून ओरडून सांगितलं तर त्याला नीट ऐकू गेलं पाहिजे.

आणि एक. 'द्राक्ष' हा शब्द इंग्रजीत लिहायला घरातल्या चौघांना सांगा. कुणी शेवटी ए लावेल, कुणी नाही, कुणी 'के एस एच', कुणी 'एक्स'. ॲप कसं सापडणार?

मोगरा_आणि_मी:
तासगावकर काका, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावायला हवा. मी आधी एका कंपनीत अकाउंट्सला होते. नाव सांगत नाही, पण त्यात 'सी'च्या जागी 'के' होता आणि मधला स्वर गाळलेला. मालकांना ते फार आधुनिक वाटायचं. माझा फोन असा चालायचा: "के फॉर काइट. नाही, सी नाही. मग आर. मध्ये आय नाहीये. नाही हो, विसरलेला नाही, नाहीच आहे." तेवढ्यात समोरचा चेक लिहून मोकळा. मग बँक परत पाठवणार, मग ते लोक आमच्यावरच वैतागणार. ईमेल तर कितीतरी दुसऱ्याच कुणाच्या डोमेनवर जायचे, आणि तिथला भला माणूस अधूनमधून ते आम्हाला पुढे पाठवायचा.

फोनवर एकदा सांगून समोरच्याला बरोबर लिहिता आलं तरच ते नाव. बाकी सगळं नंतर.

सातारी कंदी:
यात अंकशास्त्रवाल्यांची भर घाला. आमच्या ओळखीत एकाने बेरीज जुळावी म्हणून नावात तीन ए घेतले. गूगल दर वेळी विचारतं, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का? आणि दुसऱ्याच कंपनीचं पान उघडतं.

बे एरियातली बाय:
मेव्हण्यासाठी दोन शब्द. डॉट एआय हे खरं तर अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं डोमेन. सध्या त्या बेटाची चांदी आहे, आनंद वाटतो. पण फॅशनचं शेपूट लावून काय होतं त्याचा नमुना: २०१७ च्या डिसेंबरात लाँग आयलंड आइस्ड टी नावाच्या चहावाल्या कंपनीने 'लाँग ब्लॉकचेन' असं नाव घेतलं. शेअर एका दिवसात दुपटीहून वर. पुढच्याच वर्षी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराने यादीतून काढलं. इथे कॅलिफोर्नियात आता प्रत्येक दुसऱ्या होर्डिंगवर एआय आहे, त्यामुळे ते लावून तुम्ही वेगळे दिसत नाही, गर्दीत मिसळता. गुंतवणूकदार डेमो बघतो हो. ट्रॅक्टरच्या आवाजातही तुमचं ॲप बोलणं बरोबर लिहून घेत असेल तर त्याचा व्हिडिओ दाखवा, तो नावापेक्षा जास्त बोलेल.

बाहेर जायचा विचार असेल तर नाव परक्या लोकांनाही म्हणायला लावून बघा. 'द्र' आणि 'क्ष' इथल्या कुणाच्याही तोंडून निघणार नाही. मी रोज माझं आडनाव ऐकते, मला विचारा.

खानदेशी तडका:
आडनाव काय?

बे एरियातली बाय:
ळ आहे त्यात. पुढचं विचारू नका.

जोडाक्षर:
सगळे इंग्रजी स्पेलिंगवर बोलताहेत म्हणून देवनागरीची बाजू मांडतो. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांना मराठी पाटी सक्तीची आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असली तरीही, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. तेव्हा नाव देवनागरीत कसं दिसेल ते पहिल्या दिवशीच काढून बघा. कितीतरी कंपन्यांचा लोगो रोमनमध्ये झकास असतो आणि पाटी रंगवताना कळतं की 'टेक्नॉलॉजीज'ला निम्मा बोर्ड लागतो. रंगारी मग ॲवरची चंद्रकोर स्वतःच्या मर्जीने काढतो किंवा काढतच नाही.

डोमेनही देवनागरीत घेता येतं. डॉट भारत २०१४ पासून आहे. फार कुणी वापरत नाही, पण घेऊन ठेवा, महाग नाही.

आणि आता माझ्याकडून नाव: 'वेलांटी'. द्राक्षाचा वेल त्यात आला, सरळ सांगितलाही नाही. लोगो आयताच, ते वळण वेलाच्या तणाव्यासारखंच दिसतं. तीन अक्षरं, इंग्रजीत जसं ऐकाल तसं लिहा.

शाईपेन:
वा! पहिली की दुसरी?

कट्टेकरी:
पहिली वेलांटी प्रायव्हेट लिमिटेड, आणि तोट्यात गेली की दुसरी वेलांटी प्रायव्हेट लिमिटेड.

मोगरा_आणि_मी:
वेलांटी आवडलं!! फक्त व्ही की डब्ल्यू हा फोन मला आत्ताच ऐकू येतोय. विप्रोवाल्यांनाही येत असेल का?

ठाणे स्लो:
नाव छान आहे, कवितेच्या दिवाळी अंकासारखं. फवारणीच्या नोंदी ठेवणारं ॲप वाटतं का? प्रामाणिकपणे सांगा.

जोडाक्षर:
ॲपल फोन विकणारी वाटते का? झेरोधाच बघा ना. झिरो आणि रोध, म्हणजे अडथळा, यांना जोडून केलेला शब्द. ब्रोकरेजचा त्यात उल्लेखही नाही. माहीत नसेल तरी नाव लक्षात राहतं, कळलं की "अरे हो" म्हणून आणखी पक्कं बसतं. असं अर्धं झाकलेलं नाव मला सगळ्यात बरं वाटतं.

कलम नऊ:
जोडाक्षर, कायद्यालाही तेच बरं वाटतं. सूचक नाव नोंदवणं वर्णनात्मक नावापेक्षा खूप सोपं जातं.

पण मंडळी, एक काळजी. नावं अशी उघड्यावर टाकू नका! डोमेन धरून ठेवणारे लोक असल्या गप्पांवर टपलेले असतात. निफाडचा गडी, तुम्हाला खरंच एखादं पटलं तर इथे 'पटलं' असं लिहू नका. आधी डोमेन घ्या, ट्रेडमार्कचा शोध घ्या. शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट घेता येतो, आणि उच्चारसाम्याचा पर्याय निवडून घ्या, नुसतं स्पेलिंग टाकून नाही. नाव अजून वापरात नसलं तरी 'वापरायचा इरादा' म्हणून अर्ज करता येतो. अर्ज केला की नावाशेजारी टीएम लावा. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, त्याआधी लावणं गुन्हा आहे. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतो, तेवढा दम धरा.

सातारी कंदी:
साहेब, 'शिवछत्रपती इन्फोटेक' असं कुणी घेतलं तर? आमच्याकडे असं नाव सुचवणारे पैशाला पासरी.

कलम नऊ:
छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याखाली बंदी आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. गांधीजींचंही तसंच.

विहिरीतला बेडूक:
धागा उशिरा पाहिला. कुणी झिकाबद्दल लिहिलं नाही अजून. टाटा मोटर्सने 'झिप्पी कार' वरून 'झिका' नाव घेतलं, जाहिराती झाल्या, आणि २०१६ मध्ये झिका विषाणूच्या बातम्या सुरू. नाव बदलून टियागो केलं. अमेरिकेत मोबाइल कंपन्यांच्या एका पेमेंट वॉलेटचं नाव होतं आयसिस. त्याच नावाची दहशतवादी संघटना गाजायला लागली, २०१४ मध्ये बदलून सॉफ्टकार्ड. कितीही तपासा, नशीब नावाची गोष्ट असतेच. पण नाव बदललं म्हणून टियागो विकायची थांबली का? हा कीस पाडण्यात जो वेळ जातोय तो ॲपवर घाला.

ठाणे स्लो:
बेडूकराव, टाटांकडे पाट्या बदलायला पैसे आहेत हो. (हा मुद्दा आता माझ्याकडूनही मांडला गेला, कलम नऊ खूश असतील.)

तासगावचा बेदाणा:
एक चाचणी सुचवतो. तुमचं ॲप आवाजावर चालतं ना? मग शेतकरी ते शोधणारही बोलूनच. आमच्या गावात प्ले स्टोअरमध्ये कुणी टाइप करत नाही, माइकचं बटण दाबून बोलतात. जी नावं उरली असतील ती चार वेगवेगळ्या फोनवर, मराठीत आणि इंग्रजीत, घरच्या म्हाताऱ्या माणसाला बोलायला सांगा आणि फोन काय लिहितो ते बघा. माझं स्वतःचं नाव तो दर वेळी 'बदाम' लिहितो.

कट्टेकरी:
तुमचं नाव खरंच बेदाणा आहे??

तासगावचा बेदाणा:
इथे तेच आहे.

निफाडचा गडी:
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मावसभावाला पूर्ण धागा वाचायला लावला. 'सोल्युशन्स' सोडायला तो तयार झाला, 'मित्र'साठी अजून लढतोय. मेव्हण्याला लाँग ब्लॉकचेनची गोष्ट पाठवली, त्याने फक्त अंगठा पाठवला.

काल संध्याकाळी तासगावकर काकांची चाचणी घेतली. आजीलाच बसवलं. 'द्राक्षमित्र' तिने स्वच्छ म्हटलं. मराठीत फोनने बरोबर घेतलं, इंग्रजी कीबोर्डवर एकदा 'रक्षा मित्र' आणि एकदा 'ड्राय शॅम्पू'सारखं काहीतरी आलं. माझं एक आवडतं बनवलेलं नाव होतं, ते तर तिला म्हणताच येईना. "हे काय गोळीचं नाव आहे का?" म्हणाली. तिथेच बाद. एक नाव मात्र सगळ्या फोनवर, दोन्ही भाषांत, पहिल्या फटक्यात बरोबर उमटलं. कोणतं ते कलम नऊ यांच्या आज्ञेनुसार सांगत नाही. डोमेन घेतलंय, डॉट इन आणि डॉट भारत दोन्ही. डॉट कॉम कुणीतरी धरून ठेवलंय आणि तो जो भाव सांगतोय त्यात फवारणीचा एक नवा ब्लोअर येईल, म्हणून तूर्त राहू दे.

कलम नऊ, एक शंका: अर्ज कंपनी व्हायच्या आधी माझ्या नावावर करू की थांबू?

ठाणे स्लो:
हा अन्याय आहे. इतकी डोकेफोड आमच्याकडून करून घेतली आणि नाव गुपित?

शाईपेन:
वेलांटी आहे. मी पैज लावतो. दुसरी.

कलम नऊ:
थांबू नका. आत्ता तुमच्या वैयक्तिक नावावर करा, कंपनी झाली की लेखी करार करून तिच्या नावावर वर्ग करा. हे वर्ग करायचं काम मात्र विसरू नका. दोन भागीदार पुढे वेगळे झाले आणि नाव एकाच्याच खिशात राहिलं, अशी प्रकरणं माझ्याकडे नेहमी येतात. मावसभावाची सही त्या कागदावर असू द्या, आत्ता गोडीत आहात तोवरच.

मोगरा_आणि_मी:
वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि ॲपचा एकरी दर काय ठेवलाय? माझ्या मामाची पिंपळगावला बाग आहे, त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगते.